पायातील गुठळी मेंदूत कशी पोहोचली: रक्ताभिसरणाच्या मार्गाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जिना उतरताना पाय मुरगळून डाव्या घोट्याचे हाड मोडलेल्या ३६ वर्षांच्या एका महिलेचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील गाळले आहेत. हाड जागचे हलले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालून सहा आठवडे त्या पायावर भार न देण्याचा सल्ला देण्यात आला आणि त्या कुबड्या घेऊन घरी गेल्या. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांपैकी काहीही नव्हते. नियमित औषधांच्या रकान्यात ‘काही नाही’ अशी नोंद झाली. प्रत्यक्षात त्या काही वर्षांपासून इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या. परंतु या गोळ्यांना त्या औषध समजत नव्हत्या आणि त्यांच्याबद्दल नाव घेऊन कोणी विचारलेही नव्हते.

दहा दिवसांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मोडलेले हाड आणि मेंदूतील अडथळा यांची नोंद सुरुवातीला दोन वेगळ्या विभागांच्या दोन वेगळ्या कागदांवर झाली, आणि या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे लक्षात येईपर्यंत एक अख्खा दिवस गेला. हा संबंध समजून घ्यायचा तर रक्त शरीरात कोणत्या क्रमाने फिरते हे आधी नीट पाहावे लागते, कारण त्या क्रमानुसार जे घडायला नको होते तेच येथे घडले होते.

रक्ताचा नेहमीचा मार्ग

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय एका मिनिटात जवळपास तेवढेच रक्त पुढे ढकलते: दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके. म्हणजे सरासरीने रक्ताचा एक पूर्ण फेरा मिनिटभरात होतो. या फेऱ्याचे दोन भाग आहेत. शरीरभरातून परत आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येते, तेथून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) आणि फुप्फुसधमनीतून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांत ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीतून पुन्हा सर्व शरीराला वाटले जाते. हे दोन्ही फेरे शेजारीशेजारी चालतात असा अनेकांचा समज असतो. खरे तर ते एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. उजवीकडचे जवळजवळ सगळे रक्त फुप्फुसांतून पार झाल्याशिवाय डावीकडे पोहोचू शकत नाही.

या रचनेचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. पायातील शिरेपासून हृदयापर्यंतचा मार्ग सतत रुंद होत जातो: पोटरीच्या लहान शिरा, गुडघ्यामागची शीर, मांडीची शीर आणि शेवटी अधोमहाशीर, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. या वाटेवर सुटलेल्या गुठळीला अडवणारे काहीच नसते. ती उजव्या अलिंदातून आणि निलयातून सहज पार होते आणि फुप्फुसधमनीच्या शाखा अरुंद होऊ लागतात तेथे पहिल्यांदा अडते. फुप्फुसांतील केशवाहिन्यांचा व्यास तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाइतकाच, म्हणजे सात-आठ मायक्रोमीटर असतो, त्यामुळे रक्त तेथे अक्षरशः गाळले जाते. म्हणूनच पायातील गुठळीचा धोका फुप्फुसांना, आणि मेंदूतील अडथळ्याचे कारण हृदयाच्या डाव्या बाजूला, महाधमनीत किंवा मानेच्या धमन्यांत, अशी विभागणी वैद्यकात रूढ आहे. बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते.

आता पायाकडे पाहू. शरीरातील निम्म्याहून बरेच अधिक रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असते आणि तेथे दाब इतका कमी असतो की केवळ हृदयाच्या जोरावर पायातील रक्त वर चढणे अवघड होते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना स्नायू आवळले की आतील शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमधील झडपा त्याला खाली परतू देत नाहीत. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरांत सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो, तो चालू लागताच ३०च्या आसपास उतरतो. या एका फरकावरून पोटरीच्या कामाचे मोल कळावे. प्लास्टरमुळे घोटा हलत नाही, भार टाकायचा नसल्यामुळे पोटरी आवळली जात नाही आणि रक्त शिरांच्या झडपांमागे साचून राहते.

शिरेत गुठळी होण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरतात: प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. हे त्रिकूट एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखले जाते. या महिलेच्या बाबतीत प्लास्टर, अस्थिभंग आणि इस्ट्रोजेन या रूपांनी तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर होत्या.

पहिला निर्णय: पोटरीचे दुखणे

आठव्या दिवशी त्या पोटरी ठणकते म्हणून दाखवायला गेल्या. प्लास्टरच्या आत सूज वाढली असावी असा अंदाज करून प्लास्टर एका बाजूने चिरून सैल करण्यात आले, पाय उंचावर ठेवण्यास सांगितले गेले आणि वेदनाशामक गोळ्या देण्यात आल्या. दुखणे कमी झाले, त्यामुळे निदान बरोबर होते असे सर्वांनाच वाटले.

येथे दोन पर्याय होते. प्लास्टर घट्ट झाल्यामुळे दुखणे ही सर्वाधिक आढळणारी शक्यता होती आणि तिच्यावर तातडीने उपाय करणे योग्यच होते, कारण घट्ट प्लास्टर स्नायूंचा रक्तपुरवठा तोडू शकते. दुसरी शक्यता खोल शिरेतील गुठळीची होती. ती तपासण्यासाठी पायाची डॉप्लर सोनोग्राफी पुरेशी ठरते: सोनोग्राफीचा प्रोब शिरेवर दाबला की निरोगी शीर पूर्ण मिटते, आत गुठळी असेल तर मिटत नाही. पायाला प्लास्टर आणि पोटरीत दाबल्यावर दुखणे, एवढ्या दोन गोष्टींनीच ही शंका तपासणीच्या उंबरठ्यापाशी येते. गोळ्यांची माहिती मिळाली असती तर ती अधिक बळकट झाली असती. प्लास्टर सैल केल्यावर दुखणे थांबले, तरी त्यातून गुठळी नसल्याचे सिद्ध होत नव्हते. वेदनाशामकांनी दोन्ही कारणांचे दुखणे सारखेच कमी होते.

समस्या: शब्द सुचेनासे झाले

दहाव्या दिवशी सकाळी त्या एका ठेंगण्या आसनावरून उठत होत्या. दोन्ही कुबड्यांवर जोर देऊन, श्वास रोखून त्यांनी स्वतःला वर उचलले, उभ्या राहिल्यावर श्वास सोडला आणि काही क्षणांतच उजव्या हातातील कुबडी निसटली. पतीने काय झाले असे विचारले तेव्हा त्यांना पाणी मागायचे होते, पण तोंडातून दुसराच शब्द आला. आपण चुकीचे बोललो हे त्यांना कळत होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तोच चुकीचा शब्द आला.

पतीने त्यांना आडवे करून ठेवले, कारण अशक्तपणामुळे चक्कर आली असावी असे त्यांना वाटले. त्यात सुमारे अर्धा तास गेला. नंतर रुग्णाच्या बहिणीशी फोनवर बोलणे झाले. तिने हसायला सांगून चेहरा वाकडा होतो का आणि दोन्ही हात उचलता येतात का हे पाहायला लावले. उजवा हात खाली पडत होता. त्यानंतर मात्र वेळ गेला नाही, आणि झटका नेमका कधी आला हे पतीला मिनिटानिशी सांगता आले. ही माहिती पुढे निर्णायक ठरली.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनपैकी जवळपास एक पंचमांश तो एकटा वापरतो आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. मोठी धमनी बंद होऊन उपचार मिळाले नाहीत तर सरासरी मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. अडथळ्याच्या मध्यभागी असलेला भाग लवकर जातो. पण त्याच्या भोवतालचा भाग आजूबाजूच्या धमन्यांच्या तुटपुंज्या पुरवठ्यावर काही काळ तग धरतो. उपचारांची सारी धडपड या भोवतालच्या भागासाठी असते.

रुग्णालयातील पहिले तास

झटका आल्यापासून पावणेदोन तासांनी त्या रुग्णालयात पोहोचल्या. रक्तातील साखर तपासली गेली, कारण साखर खूप घटली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. रक्तवाहिन्यांच्या सीटी चित्रात मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीची एक शाखा बंद दिसली. या धमनीचे मुख्य खोड सुमारे तीन मिलिमीटर रुंद असते आणि भाषेची केंद्रे बहुतेकांमध्ये तिच्याच क्षेत्रात येतात. चुकीचे शब्द आणि उजव्या हातातील दुर्बलता यांचा उलगडा तेथे झाला.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते. प्रश्न अस्थिभंगाचा होता. दहाच दिवसांपूर्वी हाड मोडलेल्या व्यक्तीला असे औषध दिल्यास त्या जागी रक्तस्राव होईल का, ही शंका रास्त होती. अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर हे औषध सहसा टाळले जाते. येथे शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हाड जागचे हलले नव्हते आणि घोट्याभोवती थोडा रक्तस्राव झालाच असता तरी तो दाबून थांबवता येण्यासारखा होता. मेंदूतील हानी मात्र परत भरून येणारी नव्हती. दुसरा पर्याय नळी घालून गुठळी बाहेर ओढण्याचा. मोठ्या खोडात अडकलेल्या गुठळीसाठी तो अत्यंत परिणामकारक ठरला आहे, परंतु दूरच्या बारीक शाखांसाठी त्याचे पाठबळ तितके ठाम नाही. इंजेक्शन लगेच द्यावे आणि सुधारणा दिसली नाही तर नळीच्या उपचाराची तयारी ठेवावी, असे ठरले. संध्याकाळपर्यंत त्या उजवा हात उचलू लागल्या आणि लहान वाक्ये जुळवू लागल्या.

कारणाचा शोध

दुसऱ्या दिवशीच्या तपासण्यांत सर्व काही ठीक निघाले. ईसीजी आणि चोवीस तासांची नोंद यांत हृदयाची लय नियमित होती. मानेच्या धमन्या स्वच्छ होत्या. साध्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे कप्पे, झडपा आणि आकुंचन व्यवस्थित दिसले. ‘कारण अज्ञात’ असे लिहून ॲस्पिरिन सुरू करावे आणि रुग्णाला घरी सोडावे, हा पर्याय या टप्प्यावर समोर होता. अनेक तरुण रुग्णांच्या बाबतीत असेच घडते आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

फेरीच्या वेळी एका कनिष्ठ डॉक्टरांनी प्लास्टर कशासाठी आहे असे विचारले आणि चर्चेची दिशा बदलली. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे. प्रश्न साधा होता, पण त्यामागे पूर्ण फेऱ्याचा विचार होता: पायात गुठळी असेल, तर ती फुप्फुसांत जायला हवी, ती मेंदूत गेली असेल, तर फुप्फुसांना वळसा घालून जाणारी एखादी वाट असली पाहिजे.

प्लास्टर काढण्यात आले. डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्टपणे सुजलेली होती. डॉप्लर तपासणीत गुडघ्यामागची आणि मांडीची शीर दाबूनही मिटत नव्हती. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागांतील धमन्यांच्या शाखांत लहान गुठळ्या सापडल्या, जरी त्यांना धाप लागल्याची तक्रार कधीच नव्हती. म्हणजे सुटलेल्या बहुतेक गुठळ्या नियमानुसार जेथे अडायच्या तेथे अडल्या होत्या. निदान एक गुठळी पलीकडे गेली होती.

उजवीकडून डावीकडे थेट वाट असते का, हा प्रश्न रक्ताभिसरणाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. दुसऱ्या शतकातील गॅलेनचे मत होते की दोन निलयांमधील पडद्यातील अदृश्य छिद्रांतून रक्त डावीकडे झिरपते. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी ते नाकारले आणि रक्त फुप्फुसांतूनच जाते असे मांडले. पुढे १६२८ साली विल्यम हार्वे यांनी रक्ताचा पूर्ण फेरा सिद्ध केला आणि १६६१ साली मार्सेलो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या पाहिल्या. निलयांमध्ये निरोगी माणसात छिद्रे नसतात, हे त्यामुळे कायमचे ठरले. अलिंदांमधील पडद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८७७ साली युलियस कोनहाइम यांनी एका तरुण स्त्रीच्या शवविच्छेदनाच्या आधारे, पायाच्या शिरेतील गुठळी याच पडद्यातील छिद्रातून मेंदूच्या धमनीत गेली असावी असे नोंदवले.

पडद्यातील छिद्र

गर्भाला श्वास घ्यायचा नसतो. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात, त्यांतून रक्त ढकलणे कठीण असते आणि त्याची गरजही नसते, कारण ऑक्सिजन वारेतून मिळतो. वारेतून आलेले रक्त अधोमहाशिरेतून उजव्या अलिंदात येते आणि दोन अलिंदांमधील पडद्यातील फोरामेन ओव्हॅले या छिद्रातून सरळ डावीकडे जाते. गर्भाच्या मेंदूला ऑक्सिजनयुक्त रक्त मिळते ते या वाटेमुळे. जन्मानंतर पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात, त्यांतून भरपूर रक्त डाव्या अलिंदात येऊ लागते, तेथील दाब उजवीपेक्षा वाढतो आणि पडद्याची पातळ पाळ छिद्रावर टेकते. बहुतेकांमध्ये ती पुढे तेथे चिकटून जाते. सुमारे दर चार प्रौढांपैकी एकामध्ये ती चिकटत नाही. ते दार लोटलेले असते, पण कडी लागलेली नसते.

अशा बहुतेक व्यक्तींना आयुष्यभर त्रास होत नाही, कारण डाव्या अलिंदातील दाब उजव्यापेक्षा काही मिलिमीटर पारा अधिक असतो आणि तो पाळ दाबून धरतो. हा क्रम क्षणभर उलटू शकतो. कुंथताना छातीतील दाब वाढतो आणि पोटाकडून व पायांकडून येणारे रक्त खोळंबते. श्वास सोडताच ते साचलेले रक्त एकदम उजव्या अलिंदात घुसते आणि काही ठोके उजवीकडचा दाब वरचढ ठरतो. जड वस्तू उचलणे, जोरात खोकणे, श्वास रोखून आसनावरून उठणे, यांतील कशानेही हे होऊ शकते. अधोमहाशिरेचा प्रवाह गर्भावस्थेप्रमाणे प्रौढपणीही पडद्याच्या त्याच भागाकडे रोखलेला असतो, त्यामुळे पायाकडून आलेल्या गुठळीला तेथे पोहोचणे सोपे जाते. या महिलेच्या फुप्फुसांत आधीच लहान गुठळ्या असल्यामुळे उजवीकडचा दाब थोडा वाढलेलाही असावा.

हे सिद्ध करण्यासाठी बुडबुड्यांची चाचणी ठरली. दोन सिरिंज एकमेकींना जोडून सलाइन आणि अगदी थोडी हवा जोरात इकडून तिकडे ढकलली की सलाइन पांढुरके होते. ते हाताच्या शिरेत दिले की इकोच्या पडद्यावर उजवा अलिंद पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. हे बुडबुडे फुप्फुसांतून पार होत नाहीत, म्हणून डावा अलिंद काळाच राहायला हवा. घशातून प्रोब घालून केलेल्या इकोत पडदा अधिक स्पष्ट दिसतो, परंतु गुंगी दिलेल्या रुग्णाला नीट कुंथता येत नाही. त्यामुळे आधी छातीवरून, रुग्ण पूर्ण जागी असताना चाचणी करायचे ठरले. पायात गुठळी असताना मुद्दाम कुंथायला लावण्यातही थोडा धोका होता, म्हणून गुठळी रोखणारे औषध सुरू होईपर्यंत चाचणी थांबवण्यात आली.

साध्या श्वासावर डावीकडे एकही ठिपका आला नाही. कुंथण्याचा दोनदा सराव करून घेऊन चाचणी पुन्हा केली, तेव्हा श्वास सोडल्यावर तिसऱ्या ठोक्याच्या आत डावा अलिंद ठिपक्यांनी भरला. ही वेळ महत्त्वाची असते: ठिपके बऱ्याच ठोक्यांनंतर आले असते तर फुप्फुसातील धमनी आणि शीर यांच्यातील असामान्य जोडणीचा संशय घ्यावा लागला असता. पुढे घशातून केलेल्या इकोत छिद्र मोठे असल्याचे आणि पडदा दोन्ही बाजूंना बराच हेलकावत असल्याचे दिसले.

पुढच्या उपचारांचे पर्याय

गुठळी रोखणारे औषध कधी सुरू करावे हा सर्वांत कठीण निर्णय होता. पायात आणि फुप्फुसांत गुठळ्या असताना ते तत्काळ हवे होते, पण मेंदूच्या नुकत्याच मृत झालेल्या भागात त्याने रक्तस्राव होण्याची भीती होती. शिवाय गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिल्यानंतर चोवीस तास अशी औषधे दिली जात नाहीत. अधोमहाशिरेत तात्पुरती जाळी बसवून गुठळ्या वाटेतच अडवण्याचा विचार झाला. जाळी मोठ्या गुठळ्या थांबवते, मात्र लहान गुठळ्या तिच्यातून निसटू शकतात, ती नंतर काढावी लागते आणि तिच्यामुळेच नव्या गुठळ्या होऊ शकतात. एमआरआयमध्ये मेंदूचा बाधित भाग लहान असल्याचे दिसल्यावर जाळी मागे पडली. दोन दिवसांनी, पुन्हा केलेल्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून, शिरेतून हेपॅरिन सुरू झाले. हेपॅरिन निवडण्याचे कारण त्याचा अल्प प्रभावकाळ: काही बिघडले तर ते थांबवता येते आणि प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम उलटवता येतो. रक्त अकारण गोठण्याच्या विकारांच्या तपासण्यांसाठी रक्ताचा नमुना हेपॅरिनच्या आधीच घेतला गेला, कारण हेपॅरिनमुळे त्यांतील काही निष्कर्ष बिघडू शकतात. तो विकार आढळला नाही आणि पुढे तोंडाने घ्यायच्या औषधांवर जाता आले.

दुसरा मोठा प्रश्न छिद्र बंद करण्याचा होता. २०१२ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून छिद्र बंद करण्याचा फायदा निर्णायकपणे दिसला नव्हता. २०१७ साली एकाच वेळी आलेल्या तीन चाचण्यांनी मात्र, कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या साठीच्या आतील निवडक रुग्णांमध्ये, छिद्र बंद केल्याने पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटते असे दाखवले. छिद्र मोठे असणे आणि पडदा हेलकावणे या दोन्ही गोष्टी फायद्याची शक्यता वाढवतात. रुग्णाचे वय आणि इतर धोके पाहून छिद्राचा दोष किती हे ठरवणाऱ्या दहा गुणांच्या मापनात या महिलेचे नऊ गुण होते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की त्यांच्या गुठळीचे कारण तात्पुरते होते. प्लास्टर निघाले, गोळ्या थांबल्या, तीन ते सहा महिने औषध घेतले की पुन्हा तीच परिस्थिती येण्याची शक्यता कमी होते. छिद्रात बसवलेल्या साधनाचेही धोके आहेत आणि त्यांतील मुख्य म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत अलिंदांची लय बिघडणे. शिवाय त्या चाचण्यांत मुख्यतः दुसरे कारण न सापडलेले रुग्ण होते. पायात गुठळी सापडलेल्या रुग्णाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दोन्ही बाजू रुग्णाला आणि पतीला एकत्र बसवून समजावण्यात आल्या, आणि विचार करायला पुरेसा वेळ होता, कारण औषध चालू असेपर्यंत घाई नव्हती. पाच महिन्यांनंतर त्यांनी छिद्र बंद करून घेण्याचा निर्णय घेतला. त्यांचे कारण स्पष्ट होते: पुढे कधी शस्त्रक्रिया, आजारपण किंवा दीर्घ अंथरूण नशिबी येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नव्हते.

परिणाम

साधन बसवताना नळी जांघेतील शिरेतून घातली जाते, अधोमहाशिरेतून उजव्या अलिंदात जाते आणि छिद्रातून डावीकडे पोहोचते; गुठळीने घेतलेला मार्ग असाच होता. एक चकती पडद्याच्या डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला उघडते, मधला आखूड दांडा दोहोंना घट्ट धरतो आणि काही महिन्यांत हृदयाचे अस्तर त्यांवर वाढते. तिसऱ्या आठवड्यात त्यांना धडधडीचा त्रास झाला. नोंदीत अलिंदांची लय अनियमित झाल्याचे थोडे तुकडे सापडले, औषधाने ते थांबले आणि पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा आले नाहीत. सहा महिन्यांनी केलेल्या बुडबुड्यांच्या चाचणीत कुंथल्यावरही डावीकडे ठिपके आले नाहीत.

उजव्या हातातील ताकद पूर्ण परतली. बोलणे जवळजवळ पूर्ववत झाले, तरी थकल्यावर वस्तूंची नावे उशिरा सुचतात आणि लिहिताना शब्द गळतात. वाचा-उपचार चालू आहेत. गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन नसलेली पद्धत निवडण्यात आली.

वेगळे काय करता आले असते

प्लास्टर घालतानाच गुठळी टाळणारी इंजेक्शने द्यायला हवी होती का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे सरसकट उत्तर ‘हो’ असे देता येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत, पायाला प्लास्टर घातलेल्या सर्वांना अशी इंजेक्शने दिल्याने लक्षणे देणाऱ्या गुठळ्या कमी झाल्या नाहीत. म्हणून मुद्दा निवडीचा आहे. गोळ्यांची माहिती असती तर या महिलेची गणना अधिक धोका असलेल्यांत झाली असती आणि त्या गोळ्या बंद करणे तरी निश्चितच शक्य होते. ‘औषधे घेता का’ या प्रश्नाने ही माहिती मिळत नाही. ‘गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या घेता का’ असे थेट विचारावे लागते.

आठव्या दिवशीची डॉप्लर तपासणी ही सर्वांत मोठी सुटलेली संधी होती. गुठळी तेव्हाच सापडली असती तर रक्त गोठणे रोखणारे औषध दोन दिवस आधी सुरू झाले असते आणि बहुधा मेंदूपर्यंत काही पोहोचले नसते. घरी गेलेला अर्धा तासही टळू शकला असता, जरी त्याचा दोष पतीला देणे अन्यायाचे होईल. तरुण व्यक्तीला पक्षाघात होऊ शकतो हे बहुतेकांच्या मनात येत नाही.

रुग्णालयाने या प्रकरणानंतर तीन बदल केले. पक्षाघाताच्या तरुण रुग्णांच्या तपासणी-पत्रकात पायांची पाहणी, अलीकडचे प्लास्टर किंवा दीर्घ बैठक आणि झटक्याच्या क्षणी रुग्ण काय करत होता, हे तीन रकाने आले. कारण साधा इको व्यवस्थित असला तरी छिद्राची शक्यता उरते आणि झटक्यापूर्वी श्वास रोखला होता का हे नंतर कोणालाच आठवत नाही. प्लास्टर घातलेल्या रुग्णांना देण्याच्या सूचनापत्रात अशी ओळ वाढवली गेली की पोटरी ठणकल्यास, पाय सुजल्यास, धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास त्याच दिवशी परत यावे. आणि प्लास्टर कक्षासाठी वेगळी सूचना निघाली की प्लास्टर सैल करून दुखणे थांबले तरी, धोका वाढवणारी एखादी गोष्ट असेल, तर डॉप्लर केल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.